नकारानंतरचा दुसरा दिवस: करिअरच्या मध्यावर नोकरी शोधताना उमेद कशी टिकवायची

"आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. यावेळी आपली निवड होऊ शकलेली नाही." हा मजकूर बाविशीतल्या मुलाला येतो तसाच पंचेचाळिशीतल्या माणसालाही येतो. पण पंचेचाळिशीत तो फार खोल लागतो, आणि त्याला कारणं आहेत. वर जावं तशा जागा कमी होत जातात. एकेका जागेसाठी चार-पाच राउंड होतात, प्रेझेंटेशन करून घेतात, दीड-दोन महिने त्यात जातात आणि शेवटी नकार आला की ते सगळं पाण्यात. कॉलेज संपतं तेव्हा आजूबाजूचे सगळेच नोकरी शोधत असतात. या वयात मात्र बरोबरीचे लोक बढत्या घेत असतात आणि शोधणारे आपण एकटेच आहोत असं वाटत राहतं. शिवाय घर आपल्यावर चालत असतं.

अशा माणसाला "सकारात्मक राहा" असं सांगून काही हाती लागत नाही. मन असं सांगून ऐकत नाही. चार्ल्स स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आशेची जी मांडणी केली, ती मला या बाबतीत सगळ्यात उपयोगाची वाटते. त्यांच्या मते आशेला दोन अंगं असतात. जिथे पोचायचंय तिथे जाणाऱ्या वाटा दिसणं हे एक, आणि त्या वाटेने आपण चालू शकू हा भरवसा हे दुसरं. नकार येतो तेव्हा एक वाट बंद होते. ती एकुलती एक असेल तर माणूस कोलमडतो. आणखी तीन दिसत असतील तर वाईट वाटतं, पण तो उठतो. म्हणजे उमेद टिकणं हे बऱ्याच अंशी आपण शोधाची आखणी कशी केली आहे यावर ठरतं. ती आखणी नकार आल्याच्या संध्याकाळपासून क्रमाने कशी करायची ते इथे लिहितो आहे.

पायरी १: पहिल्या दिवशी काहीही ठरवायचं नाही

नकाराचा मेल वाचल्यावर तासाभरात माणसं बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट करतात. रागाने दहा ठिकाणी अर्ज टाकतात, सीव्ही उघडून रात्री एकपर्यंत बदलत बसतात, किंवा "आता हे क्षेत्रच सोडायचं" असं घरी जाहीर करतात. यातलं काहीच त्या दिवशी करू नका. घाईने टाकलेले अर्ज नेमके तेच असतात जे जाहिरात धड न वाचता टाकलेले असतात, आणि त्यांचे नकार पंधरा दिवसांनी एकदम येऊन पडतात.

वाईट वाटतंय याची लाज मात्र वाटू देऊ नका. मानसशास्त्रज्ञ नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना कॉम्प्युटरवर चेंडू टाकाटाकीचा खेळ खेळायला दिला आणि मध्येच त्यांच्याकडे चेंडू टाकणं बंद केलं. तेवढ्यानेही, शारीरिक दुखण्याचा त्रास होताना मेंदूचा जो भाग जागा होतो, त्याच भागात हालचाल वाढलेली दिसली. अनोळखी लोकांनी चेंडू टाकला नाही तर इतकं होत असेल, तर पाच राउंडनंतर आलेला नकार लागणारच. चालायला जा, जवळच्या एका माणसाला सांगा, झोपा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी एक काम करायचं. त्या मेलला चार ओळींचं उत्तर पाठवायचं. ते साधारण असं असावं:

"कळवल्याबद्दल आभार. तुमच्या टीमशी झालेल्या चर्चेतून, विशेषतः नव्या केंद्रांच्या उभारणीबद्दलच्या बोलण्यातून, मला बरंच शिकायला मिळालं. या जागेत पुढे काही बदल झाला किंवा माझ्या अनुभवाला जुळणारी दुसरी जागा निघाली, तर जरूर कळवा. निवड झालेल्या सहकाऱ्याला शुभेच्छा."

हे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. निवडलेला उमेदवार आधीच्या कंपनीने पगार वाढवून दिला म्हणून ऐन वेळी नाही म्हणतो, रुजू होऊन दोन महिन्यांत सोडतो, कधी शेजारच्या विभागात तशीच जागा निघते. अशा वेळी नव्याने सगळी प्रक्रिया करण्याऐवजी कंपन्या आधी दुसऱ्या क्रमांकावरच्या माणसाला फोन करतात. तो माणूस आपण असू, तर आपली आठवण चांगली राहिलेली असावी.

पायरी २: नकाराला स्वतःच्या मनाने काय जोडलंय ते कागदावर काढा

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी माणसं अपयशाचं स्पष्टीकरण स्वतःला कसं देतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. खचणाऱ्या माणसाच्या स्पष्टीकरणात तीन गोष्टी सापडतात: हे कायमचं आहे, हे सगळीकडे असंच आहे, आणि हे माझ्यामुळेच आहे. "माझी निवड झाली नाही" हे घडलेलं. "आता या वयात मला कोण घेणार" हे त्याला मनाने जोडलेलं. त्या एका वाक्यात तिन्ही गोष्टी भरलेल्या आहेत.

कागदावर मध्ये रेघ मारा. डावीकडे फक्त घडलेलं लिहा, म्हणजे दुसऱ्या कोणालाही कागदपत्र दाखवून पटवता येईल असंच. "तिसऱ्या राउंडनंतर नकार आला. कारण दिलं नाही. त्या राउंडमध्ये बजेट सांभाळण्यावर तीन प्रश्न विचारले." उजवीकडे मनात आलेलं जसंच्या तसं लिहा. "मी मागे पडलोय. त्यांना तरुण माणूस हवा होता. सगळीकडे हेच होणार." मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढे विचारा: याला डावीकडे आधार आहे का? बऱ्याच ओळींना नसतो. एखादीला असतो, उदाहरणार्थ बजेटवरचे ते तीन प्रश्न आणि त्यांना दिलेली मोघम उत्तरं. ती ओळ जपून ठेवा, पुढच्या पायरीत लागेल.

टेबलाच्या पलीकडे काय चाललेलं असतं तेही माहीत असावं. कंपनीतल्याच कोणालातरी ती जागा द्यायचं आधीच ठरलेलं असतं, पण नियमाप्रमाणे बाहेरच्यांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. मुलाखती चालू असतानाच भरती थांबवण्याचा निर्णय येतो. जागेचं स्वरूपच बदलतं. तीन माणसांना भेटल्यावर कुठे हायरिंग मॅनेजरला कळतं की आपल्याला टीम सांभाळणारा नको, स्वतः हाताने काम करणारा हवाय. तुमची पगाराची अपेक्षा त्या श्रेणीच्या वर असते आणि ते तोंडावर सांगायला एचआरला संकोच वाटतो. या सगळ्याचा मेल एकच येतो. वयामुळे डावललं जातं हेही खरं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. पण कोणत्या नकारामागे ते होतं हे सहसा कळत नाही, म्हणून प्रत्येक नकाराचं खापर वयावर फोडून शोध थांबवू नये.

पायरी ३: जुना राग आधी लिहून मोकळा करा

ही पायरी विशेषतः ज्यांना आधीच्या नोकरीतून काढलं गेलंय त्यांच्यासाठी. स्टेफनी स्पेरा, एरिक बुरफाइंड आणि जेम्स पेनेबेकर यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी गेलेल्या ६३ अनुभवी माणसांमधल्या काहींना सलग पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दलच्या मनातल्या खोल भावना लिहायला सांगितल्या. काहींनी फक्त दिवसभराची कामं आणि नोकरी शोधायचे बेत लिहिले, काहींनी काहीच लिहिलं नाही. पुढच्या काही महिन्यांत भावना लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या. त्यांनी जास्त अर्ज केले किंवा जास्त फोन फिरवले असं काही नव्हतं. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्याला हमी समजू नका. पण मला त्याचं कारण पटतं. मनात साचलेली कटुता मुलाखतीत "आधीची नोकरी का सोडली?" या प्रश्नावर चेहऱ्यावर येते, आणि समोरच्याला ती दिसते.

म्हणून वीस मिनिटांचा गजर लावा, दार लावून घ्या आणि कोणाला दाखवायचंच नाही अशा बोलीवर लिहा. शुद्धलेखन, क्रम, न्याय-अन्याय कशाचीही फिकीर करू नका. लिहिलेलं नंतर फाडून टाकलं तरी चालेल. पाचव्या दिवसानंतर त्या "का सोडली?" प्रश्नाचं दोन वाक्यांचं उत्तर तयार करा आणि मोठ्याने म्हणून पाहा. आवाज सरळ राहिला तर पुढच्या मुलाखतीला तयार आहात.

पायरी ४: आपण नेमके कुठे अडतोय ते शोधा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. "मला सतत नकार येतोय" या वाक्यावर काही करता येत नाही. "मला फोन येतात, पण पहिल्या मुलाखतीपुढे जात नाही" या वाक्यावर मात्र लगेच काम सुरू करता येतं. पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे जायला एक साधी नोंदवही पुरते, वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये. प्रत्येक अर्जाला एक ओळ: तारीख, पद, अर्ज कसा पोचला (जाहिरातीवरून, रिक्रूटरकडून की ओळखीतून), कुठपर्यंत गेला, शेवटच्या बोलण्यात काय अडखळलं.

दोन-तीन नकारांवरून निष्कर्ष काढू नका. आठ-दहा ओळी झाल्या की वही समोर घेऊन बसा आणि बहुतेक ओळी कुठे थांबतात ते पाहा.

*अर्जाला उत्तरच येत नाही.* म्हणजे तुम्हाला अजून कोणी नाकारलेलंच नाही, फक्त तुमचा कागद पुढे सरकलेला नाही. मध्यावरच्या माणसांचा सीव्ही इथे हमखास एकाच रोगाने पछाडलेला असतो: तो आत्मचरित्र झालेला असतो. पहिल्या अर्ध्या पानात "अमुक वर्षांचा अनुभवी, मेहनती, टीमला घेऊन चालणारा" असं काहीतरी, आणि खरी मोठी कामं दुसऱ्या पानाच्या तळाशी. पहिल्या अर्ध्या पानात ज्या पदासाठी अर्ज करताय त्याच पदाचं नाव, आणि त्या जाहिरातीत मागितलेल्या तीन गोष्टी तुम्ही कुठे, किती मोठ्या प्रमाणावर केल्यात ते आकड्यांसकट यायला हवं. बारा-पंधरा वर्षांपूर्वीचं काम दोन ओळींत आटपा. कंपनीतलं तुमचं पदनाम बाहेर कोणाला कळत नसेल तर त्यापुढे सर्वांना कळणारं पदनाम लिहा. जाहिरात ज्याला "विक्रेता व्यवस्थापन" म्हणते त्याला तुम्ही "खरेदी समन्वय" म्हणत असाल, तर प्राथमिक चाळणी लावणारं सॉफ्टवेअर किंवा घाईत असलेला माणूस तुम्हाला सोडून देतो. आणि जाहिरात आल्यापासून पहिल्या काही दिवसांतच अर्ज करा.

*एचआरचा फोन येतो, पुढे काही नाही.* इथे बहुतेक वेळा पगार, नोटीस पिरियड किंवा "ओव्हरक्वालिफाइड" आडवा येतो. त्या शेवटच्या शब्दामागे भीती असते: हा माणूस कंटाळेल, सहा महिन्यांत जाईल, किंवा वयाने लहान बॉसचं ऐकणार नाही. ती भीती त्यांनी बोलून दाखवायची वाट पाहू नका. आपणहून सांगा: "या पदावर माझ्याखाली आधीपेक्षा लहान टीम असेल हे मला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत माझा वेळ अहवालांमध्येच गेला. मला पुन्हा प्रत्यक्ष कामाच्या जवळ यायचंय, म्हणून ही जागा निवडली." हे खरं असेल तरच सांगा. खोटं असेल तर ती जागा तुमच्यासाठी नव्हतीच.

*पहिली मुलाखत होते, दुसरी होत नाही.* इथे मी जरा जास्त थांबतो, कारण अनुभवी माणसं इथे ज्या कारणाने अडतात ते त्यांच्या चांगुलपणातून आलेलं असतं. ती सतत "आम्ही" म्हणतात. माझ्या ओळखीच्या एक बाई माल वितरणाच्या क्षेत्रात वरच्या पदावर होत्या. "तुमची मोठी कामगिरी सांगा" म्हटलं की त्या सांगायच्या, "आम्ही माल उतरवायला लागणारा वेळ बराच कमी केला. मॅनेजमेंटचा चांगला पाठिंबा होता, टीमनेही साथ दिली." ऐकणाऱ्याला यातून बाईंनी काय केलं ते कळायला काही मार्गच नाही. एका मैत्रिणीने खोदून खोदून विचारलं तेव्हा हे बाहेर आलं: तीन गोदामांचे ट्रक एकाच सकाळी एकाच दारावर येऊन उभे राहायचे. बाईंनी आठवडाभर दारावर बसून कोणता ट्रक किती वाजता आला याच्या नोंदी घेतल्या. मग वाहतूकदारांना बोलावून वेळा वाटून दिल्या. एक वाहतूकदार ऐकेना, कारण त्याच्या ड्रायव्हरला पहाटे निघावं लागणार होतं. त्याला त्यांनी आठवड्यातले दोन दिवस दुपारची वेळ दिली. ट्रकचा थांबण्याचा वेळ जवळजवळ अर्ध्यावर आला. हीच गोष्ट त्या पुढच्या मुलाखतीत सांगू लागल्या, सहकाऱ्यांच्या वाट्याचं श्रेय त्यांना देऊन. गोष्ट तीच होती. फक्त आता तिच्यात त्या स्वतः दिसत होत्या.

अशा पाच-सहा गोष्टी लिहून काढा: अडचण काय होती, मी नेमकं काय केलं, कोणी विरोध केला, आकडा काय बदलला. त्यातली एक फसलेल्या कामाची असू द्या, आणि त्यानंतर पद्धत कशी बदललीत ते त्यात यायला हवं. प्रत्येक गोष्ट दोन मिनिटांत सांगता यायला हवी. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. सुरुवातीला हे अवघड जातं, पण याला पर्याय नाही.

*शेवटच्या राउंडला जाऊन नकार येतो.* हा सगळ्यात जास्त लागतो, पण वहीत पाहाल तर ही सगळ्यात चांगली बातमी आहे. इथपर्यंत पोचलेले दोन-तीन जण सगळेच ते काम करू शकणारे असतात, आणि निवड अगदी थोड्या फरकाने होते. इथे फार मोडतोड करू नका. मुलाखत संपताना एवढंच विचारायला शिका: "माझ्या अनुभवात या कामाच्या दृष्टीने काही कमी वाटत असेल, तर त्यावर आत्ता बोलायला मला आवडेल." मनातली शंका तिथेच बाहेर आली तर तिला उत्तर देता येतं.

नकारानंतर कारण विचारावं का? विचारावं, पण एचआरच्या सामायिक पत्त्यावर "अभिप्राय द्या" असं लिहिलं तर ठराविक उत्तर येतं किंवा काहीच येत नाही. मुलाखतीत ज्यांच्याशी सूर जुळला त्या एकाच व्यक्तीला एकच नेमका प्रश्न विचारा: "अशा पदासाठी मी पुढच्या सहा महिन्यांत एक गोष्ट पक्की करायची ठरवली तर ती कोणती असावी?" नाकारल्याचं कारण लिहून द्यायला लोक बिचकतात. सल्ला द्यायला मात्र बरेचजण तयार असतात.

पायरी ५: एका वाटेवर सगळा भार टाकू नका

कोणत्याही वेळी किमान तीन प्रकारचे प्रयत्न जिवंत असू द्या. पहिला, थेट आपल्या पदासारख्या पदांचा. दुसरा, शेजारच्या पदांचा, म्हणजे जिथे तुमचं दोन-तृतीयांश कौशल्य जसंच्या तसं लागू पडतं: वेगळा उद्योग, लहान कंपनी, किंवा तुम्ही ज्यांच्याकडून सेवा घेत होतात त्या पुरवठादाराची बाजू. तिसरा, ठराविक मुदतीचं किंवा सल्लागार म्हणून काम. एखाद्या मुलाखतीचा चौथा राउंड चालू असतानाही बाकीचे दोन थांबवू नका. "हे होईलच" म्हणून सगळं थांबवणं आणि मग ते न होणं, यासारखा फटका दुसरा नाही.

आणि ओळखी. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापनाच्या नोकऱ्यांतल्या लोकांना विचारलं होतं की नोकरीची खबर देणाऱ्या माणसाला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होतात. १९७३ मध्ये त्यांनी ते निष्कर्ष मांडले. ओळखीतून नोकरी मिळालेल्या दर सहांपैकी सुमारे पाच जणांनी सांगितलं की त्या माणसाशी भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं; लांबचे लोक वेगळ्या वर्तुळात वावरतात. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सगळ्यात घट्ट ओळखींपेक्षा मध्यम विरळ ओळखीच नोकरी बदलायला जास्त कामी आल्या.

मध्यावरच्या माणसाचं खरं भांडवल हेच आहे. दहा वर्षांपूर्वीचे सहकारी, जुना क्लायंट, ज्याला तुम्ही कधी काम शिकवलं तो ज्युनिअर, हे सगळे आज वेगवेगळ्या कंपन्यांत बसलेले आहेत. संकोच होतो हे मला माहीत आहे. "इतक्या वर्षांनी आठवण आली, तीही कामासाठी" असं ते म्हणतील ही भीती असते. म्हणून थेट नोकरी मागू नका:

"आपण एकत्र काम केलं त्याला बरीच वर्षं झाली, पण गोदाम हलवताना आपण काढलेल्या त्या रात्री अजून आठवतात. मी सध्या वितरण क्षेत्रात नवी जबाबदारी शोधतोय. तुझ्या कंपनीत हे काम कसं चालतं आणि कशा माणसांची गरज पडते, यावर वीस मिनिटं बोलता येईल का? जागा असलीच पाहिजे असं नाही."

उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. बोलणं झालंच तर शेवटी विचारा, "यावर मी आणखी कोणाशी बोललं पाहिजे?" त्या एका नावातून पुढची वाट निघते.

पायरी ६: दिवसाला चौकट द्या

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला समाज-मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावाचा अभ्यास केला. कापड गिरणी बंद पडून जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं होतं. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी गावातल्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं निम्म्याच्या आसपास उतरली, पुस्तकाचं शुल्क काढून टाकल्यावरही. पुरुषांना दिवसभर काय केलं ते धड सांगता येईना. याहोदा यांनी पुढे दाखवून दिलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते: वेळेची चौकट, घराबाहेरची माणसं, सामाईक उद्दिष्ट, समाजातलं स्थान आणि रोजची हालचाल.

नोकरी गेली असेल तर या पाच गोष्टी आपल्याला हाताने उभ्या कराव्या लागतात. उठायची वेळ बदलू नका. शोधाचं काम रोज तीन-चार तास, ठरलेल्या जागी, आणि मग बंद. दिवसभर मेल उघडत बसणं हा शोध नाही. मेल दोन वेळा पाहा. आठवड्यातून दोनदा तरी अशा ठिकाणी जा जिथे तुमची कोणीतरी वाट पाहतंय: एखाद्या संस्थेचं काम, क्लास, शिकवणी, मैदान. तुमच्या असण्या-नसण्याने कोणाचं तरी काम सुटतं किंवा अडतं, हा अनुभव या काळात औषधासारखा असतो. नोकरीत राहून शोधत असाल, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि सुट्टीची एक सकाळ पुरे. त्यापेक्षा जास्त करायला गेलात तर दोन्हीकडे दमाल.

आठवड्याचं उद्दिष्ट स्वतःच्या हातातल्या गोष्टींचं ठेवा. "दोन मुलाखती मिळवायच्या" हे हातात नाही. "चार विचारपूर्वक अर्ज, तीन जुन्या ओळखींना निरोप, एका गोष्टीचा सराव" हे आहे. शुक्रवारी खूण करता येते आणि कोणाचाही मेल न येता आठवडा पूर्ण होतो.

पायरी ७: पुढच्या नकाराची तयारी आजच

मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात बेकारांसाठी एक प्रशिक्षण तयार झालं. त्याची वेगळी गोष्ट अशी की त्यात नकाराची आधीच तालीम करून घेत: काय काय अडथळे येतील, तेव्हा मनात काय येईल, आणि तेव्हा मी काय करीन. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार, प्रशिक्षण घेतलेल्यांना जास्त चांगल्या आणि जास्त पगाराच्या नोकऱ्या मिळाल्या. ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांचीही शोध चालू ठेवण्याची इच्छा टिकून राहिली. पुढे २०१४ मध्ये अशा अनेक उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की कौशल्य शिकवणं आणि उमेद टिकवणं या दोन्ही गोष्टी ज्यांत होत्या, तेच उपक्रम जास्त कामी आले. नुसता सीव्ही सुधारून भागत नाही आणि नुसता धीर देऊनही नाही.

घरी हे करायला मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांची "जर-तर" पद्धत सोपी आहे. वाक्य नेमकं हवं: "जर नकाराचा मेल आला, तर मी लॅपटॉप बंद करून बाहेर चालायला जाईन. जर दुसऱ्या दिवशी सकाळ झाली, तर चहानंतर आधी उत्तराच्या चार ओळी लिहीन, मग वहीत नोंद करीन, मग यादीतल्या पुढच्या माणसाला निरोप पाठवीन." हे आधी लिहून ठेवलं की त्या क्षणी ठरवत बसावं लागत नाही. त्या क्षणी ठरवायची ताकद नसतेच.

पायरी ८: घरच्यांना आकडे सांगा

किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत हा आकडा घरातल्या मोठ्यांना माहीत असावा. तो लपवला की रोजचा प्रत्येक खर्च वादाचा होतो. बसून तारखा ठरवा: अमुक महिन्यापर्यंत याच पातळीचं पद शोधायचं, त्यानंतर पगाराची अपेक्षा इतकी खाली आणायची, त्यानंतर मुदतीचं काम घ्यायचं. शांत डोक्याने आधीच ठरवलं की तसं करायची वेळ आल्यावर हार मानल्यासारखं वाटत नाही, ठरल्याप्रमाणे पुढे गेल्यासारखं वाटतं. "काय झालं आजच्या इंटरव्ह्यूचं?" हा रोजचा प्रश्न प्रेमाचा असतो, पण जड होतो. आठवड्यातला एक वार ठरवा आणि सगळं त्या दिवशी सांगा. मुलांना खोटं सांगू नका. "सध्या शोधतोय, वेळ लागतोय" एवढं त्यांना पुरतं.

कधी थांबून मदत घ्यायची

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतला रस गेला असेल, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटत असेल, तर ते नुसतं निराश होणं नाही. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जगू नये असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, त्याच तासाला जवळच्या माणसाला सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या. शोध महिनाभर थांबला तरी चालतो.

होकार आल्यावर

बरेच नकार पचवल्यावर आलेला पहिला होकार माणूस डोळे मिटून घेतो. त्या थकव्याची मला काळजी वाटते, कारण चुकीच्या जागी गेलात तर वर्षभरात हेच सगळं पुन्हा करावं लागतं. "मनापासून आभार, दोन-तीन दिवसांत लेखी उत्तर देतो" असं म्हणा. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तेवढ्यात चार गोष्टी विचारून घ्या: या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेलं, पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय झालेलं दिसायला हवं, मी कोणाला रिपोर्ट करणार आणि त्यांच्याशी एकदा बोलता येईल का, आणि पगारातला ठरलेला भाग किती, बदलता किती. चालू असलेल्या बाकीच्या प्रक्रियांना तुमचा निर्णय होईपर्यंत नाही म्हणू नका. सही झाली की त्यांना त्याच दिवशी नीट शब्दांत कळवा, आणि ज्यांनी वीस मिनिटं दिली, एखादं नाव सुचवलं, सीव्ही वाचून दिला, त्या प्रत्येकाला स्वतंत्र निरोप पाठवा.